शिल्लक रजेचे पैसे: राजीनामा दिला म्हणून बुडतात का?

प्रश्न खेडहून आला आहे. विचारणारे लोटे-परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात सहा वर्षे ऑपरेटर होते. दुसरीकडे नोकरी लागली म्हणून राजीनामा दिला आणि एक महिन्याच्या नोटीसपैकी २२ दिवस काम करून बाहेर पडले. गेल्या वर्षाच्या २६ पगारी रजा शिल्लक होत्या आणि या वर्षी २२० दिवस भरले होते. आधी एचआरने सांगितले, ‘‘रजेचे पैसे रिटायर होणाऱ्याला, राजीनामा देणाऱ्याला नाही.’’ पाठपुरावा केल्यावर २६ रजांचे १२,१३३ रुपये कबूल केले, त्यातून ‘नोटीस पे’ म्हणून ६,९३३ कापले आणि हातात ५,२०० ठेवायची तयारी दाखवली. हा हिशेब बरोबर आहे का, सही करावी का, असा प्रश्न आहे. शिवाय त्यांची बहीण कुडाळकडे एका काजू कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होती. तिला काही मिळेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

मी चिपळुणात बरीच वर्षे कारखान्यांचे पगारपत्रक आणि कामगारांचे हिशेब पाहतो आहे. आधी थेट उत्तर देतो: हिशेब बरोबर नाही, आणि आहे तशा कागदावर सही करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमच्या रजा ३७ होतात आणि त्यांची रक्कम साधारण २५,९०० रुपये होते. आता एकेक मुद्दा पाहू.

‘रिटायर झाल्यावरच’ हा समज कुठून येतो ते मला ठाऊक आहे. आपल्या गावात तहसील कार्यालयातून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला ३०० दिवसांच्या रजेचे पैसे एकरकमी मिळालेले सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते सरकारी नोकरीचे नियम. कारखान्यातल्या कामगाराला लागू होणारा नियम वेगळा आहे आणि तो फार जुना आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमाचे कलम ७९ यासाठीच होते. कामगाराला काढले, बडतर्फ केले, त्याने स्वतः नोकरी सोडली, तो निवृत्त झाला किंवा सेवेत असताना वारला, यातले काहीही झाले तरी शिल्लक रजेचा पगार द्यायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नोकरी सोडणाऱ्याला दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत, आणि निवृत्ती किंवा मृत्यूच्या बाबतीत दोन महिन्यांच्या आत. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम ३२मध्ये हीच तरतूद पुढे आली आहे. म्हणजे तुम्ही जुन्या कायद्याखाली बाहेर पडला असा वा नव्या, राजीनाम्याने हक्क जात नाही.

एचआरचा दुसरा मुद्दा असा, की या वर्षाच्या रजा १ जानेवारीला खात्यात जमा होतात, तुम्ही त्याआधी गेलात, म्हणून त्या नाहीत. रजा कधी ‘क्रेडिट’ करायची ही कंपनीच्या संगणकाची सोय आहे. रजा मिळवली जाते ती कामाच्या दिवसांवर, दर २० दिवसांमागे एक. जुन्या कायद्यात वर्षभराच्या रजेसाठी २४० दिवस भरावे लागत, नव्या संहितेत ते १८० झाले आहेत. पण मध्येच नोकरी सुटली तर जेवढे दिवस काम केले तेवढ्याच दराने रजा मोजायची आणि २४० भरले नाहीत म्हणून ती नाकारायची नाही, असे जुने कलमच सांगत होते. तुमचे २२० भागिले २० म्हणजे ११ रजा. मागच्या २६ मिळवल्या की ३७. यात वाद व्हायचे कारण नाही.

आता ‘मागच्या’ रजांबद्दल जरा सविस्तर बोलावे लागेल, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. पुढच्या वर्षात ३०पर्यंत रजा नेता येतात. तुमच्या २६ होत्या, म्हणून तुम्ही सुरक्षित आहात. पण तुमच्याच प्लँटमधल्या कितीतरी जणांच्या ४०-४५ साठतात आणि डिसेंबरअखेर ३०च्या वरच्या गळून जातात. त्या का साठतात? कोकणातला माणूस वर्षभर रजा राखून ठेवतो ती गणपतीसाठी आणि शिमग्यासाठी. कुणी चार दिवस लावणीला ठेवतो, ज्याची कलमे आहेत तो एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवायला. आणि नेमक्या त्याच दिवसांत अर्धा प्लँट रजा मागत असतो. रासायनिक कारखान्यात रिअॅक्टर बंद ठेवून सगळ्यांना घरी पाठवता येत नाही, ही शिफ्ट इंचार्जची अडचणही खरी असते. तो सांगतो, ‘‘या वर्षी तुझा नंबर नाही, गेल्या वर्षी गेलास ना.’’ माणूस गुपचूप ड्यूटी करतो. कागदावर मात्र काय दिसते? त्याने रजा मागितलीच नाही.

कायदा या बाबतीत कामगाराच्या बाजूचा आहे. रजेचा अर्ज रीतसर केला आणि तो नाकारला गेला, तर ती रजा ३०च्या मर्यादेत धरायची नाही, कितीही पुढे नेता येते. नव्या संहितेत तर त्यापुढे जाऊन ३०च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याची सोय आहे, आणि वर्षअखेर कामगाराने मागणी केली तर शिल्लक रजा रोखीतही मिळते. पण त्यासाठी अर्ज हवा. कारखान्यात तो १५ दिवस आधी करायचा असतो. म्हणून अजून नोकरीत असलेल्या सगळ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: गणपतीची रजा तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख टाका, दुसऱ्या प्रतीवर टाइम ऑफिसचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच अर्जाचा फोटो इंचार्जला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि ‘नाही’ हे उत्तर तिथेच येऊ द्या. चतुर्थीला ड्यूटी करावी लागली तरी त्या रजेचा पैसा तरी राहतो.

आता दर. खरा पैसा इथे आहे. तुमची पगाराची स्लिप अशी आहे: बेसिक १४,०००, महागाई भत्ता ४,२००, घरभाडे ४,०००, प्रवास भत्ता ३,८००. एकूण २६,०००. कंपनीने फक्त बेसिक घेतले आणि ३०ने भागले. दिवसाला ४६७ रुपयांच्या आसपास येतात. २६ रजांचे १२,१३३ झाले ते असे.

यात दोन चुका आहेत. पहिली, महागाई भत्ता वगळला. जुन्या कायद्याचे कलम ८० सांगते की रजेच्या पगारासाठी आधीच्या महिन्यात पूर्णवेळ काम केलेल्या दिवसांच्या एकूण कमाईची दैनिक सरासरी घ्यायची. त्यातून ओव्हरटाइम आणि बोनस वगळायचा, महागाई भत्ता मात्र धरायचा. नव्या वेतन संहितेतही ‘वेतन’ म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता हे धरूनच. घरभाडे आणि प्रवास भत्ता संहितेत वगळले जातात, पण असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा. ज्या कंपन्यांनी बेसिक मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळे भत्त्यांत दाखवले आहे, त्यांच्या कामगारांनी हे लक्षात ठेवावे. तुमच्याकडे वगळलेले भत्ते ७,८०० आहेत, म्हणजे एकूण पगाराच्या ३० टक्के, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. तुमचे वेतन १८,२०० धरू. हा मी सांभाळून घेतलेला आकडा आहे. जुन्या कलम ८०वर बोट ठेवून ‘एकूण कमाई’ म्हणून २६,००० धरावेत असा आग्रहही धरता येतो, आणि तुम्ही संहिता लागू होण्याआधी बाहेर पडला असाल तर तो जरूर धरा.

दुसरी चूक ३०ची. महिन्याचा पगार २६ने भागायचा की ३०ने, हा वाद प्रत्येक अकाउंट्स विभागात होतो, आणि त्याचे उत्तर रजा मोजण्याच्या पद्धतीत आहे. कारखान्यात तुम्ही सोमवार ते पुढचा सोमवार रजेवर गेलात तर मधला साप्ताहिक सुट्टीचा दिवस रजेत मोजत नाहीत, कारण रजा सुट्ट्या वगळून मोजायची असा नियम आहे. म्हणजे तुमची एक रजा म्हणजे कामाचा एक दिवस. कामाचे दिवस महिन्याला २६, मग भागाकारही २६नेच. सरकारी नोकरीत अर्जित रजेत मधले रविवार धरले जातात, म्हणून तिथे ३०ने भागतात ते सुसंगत आहे. रजा मोजताना रविवार वगळायचे आणि पैसे देताना धरायचे, हे चालणार नाही. १८,२०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ७०० रुपये. ३७ रजांचे २५,९००.

नोटीसचे पाहू. तुमचे आठ दिवस कमी पडले आणि नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे, तेव्हा कंपनीला कपातीचा आधार आहे, हे मान्य करावे लागेल. पण कपातीचा दर बघा. २६,००० भागिले ३० गुणिले ८, म्हणजे ६,९३३. तुम्हाला देताना फक्त बेसिक, तुमच्याकडून घेताना एकूण पगार. हे मी इतक्या हिशेबांत पाहिले आहे की आता सर्वांत आधी तिथेच नजर जाते. नेमणूकपत्र काढून नोटीसच्या कलमातला शब्द वाचा. तिथे ‘बेसिक’ लिहिले असेल तर आठ दिवसांचे ३,७३३ होतात, ‘बेसिक व महागाई भत्ता’ असेल तर ४,८५३. ‘ग्रॉस’ किंवा ‘एकूण पगार’ असेल तरच त्यांचा आकडा टिकतो. पर्याय म्हणून ते आठ दिवस शिल्लक रजेतून वळते करा असे लेखी मागून पाहा. कंपनी मानेलच असे नाही, पण मानली तर कपात उरत नाही आणि २९ रजांचे पैसे मिळतात. उलट कंपनीने स्वतःहून कामगाराला काढले, तर नोटीसचे दिवस मोजताना त्याची शिल्लक रजा त्यात धरता येत नव्हती. जुन्या कायद्यात तसे वेगळे उपकलमच होते.

पीएफ कापला असेल तर तोही परत मागा. नोकरी सोडताना मिळणारे रजेचे पैसे पीएफच्या ‘मूळ वेतना’त येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्येच ठरवले आहे.

आयकराची काळजी तुमच्या रकमेला नाही. खासगी नोकरीत नोकरी सुटताना मिळालेल्या रजेच्या पैशांवर २५ लाखांपर्यंत सूट आहे. आधी ही मर्यादा तीन लाख होती, १ एप्रिल २०२३पासून वाढली. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचा सरासरी पगार, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे जास्तीत जास्त ३० दिवस धरून शिल्लक रजेचा पगार, आणि हे २५ लाख, यांत जे सर्वांत कमी तेवढे करमुक्त. सूट नव्या करप्रणालीतही मिळते आणि राजीनामा दिलेल्यालाही मिळते. मात्र २५ लाखांची मर्यादा आयुष्यभराची आहे, प्रत्येक कंपनीला नवी नाही. आणि नोकरीत असतानाच वर्षअखेर रजा विकली तर त्या पैशांवर पूर्ण कर लागतो. कामगार वारल्यावर वारसांना मिळणारे रजेचे पैसे करमुक्त असतात. अशा घरांना बहुधा हे कुणी सांगत नाही आणि ती रक्कम मागायचीच राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

तुम्ही ऑपरेटर आहात, त्यामुळे ‘कामगार’ या व्याख्येत बसता. पण लोटे, महाड, रोह्याकडे बढती म्हणून ‘ज्युनिअर ऑफिसर’ हा हुद्दा सर्रास दिला जातो. नव्या संहितेत व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,०००च्या वर वेतन घेणारे पर्यवेक्षक कामगार धरले जात नाहीत. त्यांचा हक्क नेमणूकपत्र आणि कंपनीच्या रजाधोरणावर ठरतो. यात नुसता हुद्दा पाहत नाहीत. हाताखाली माणसे आहेत का, रजा मंजूर करायचा अधिकार आहे का, की नाव ऑफिसर आणि काम व्हॉल्व्ह फिरवायचे, हे पाहतात.

गुहागर, दापोली, तारकर्लीच्या हॉटेल-रिसॉर्टमधल्यांसाठी २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात पगारी रजा ४५पर्यंत साठवता येतात. आठ किरकोळ रजा मात्र वर्ष संपले की संपतात, त्यांचे पैसे कुणीच देत नाही. या कायद्यात एक बारीक अट आहे. मालकाने काढले तर शिल्लक रजेचे पैसे सरळ मिळतात, पण स्वतः राजीनामा द्यायचा असेल तर रजा मागितली होती आणि ती नाकारली गेली, असे असावे लागते. म्हणून तिथल्या माणसाने आधी रजेचा लेखी अर्ज करावा, उत्तर येऊ द्यावे आणि मग राजीनामा टाकावा. अगदी छोट्या खानावळीला किंवा दुकानाला हा कायदा लागत नाही. कायदा झाला तेव्हा किमान १० कामगारांची अट होती आणि पुढे ती वाढवण्याचा निर्णय झाला, तेव्हा आपले ठिकाण त्यात बसते का हे कामगार कार्यालयात विचारून घ्या.

‘आमच्या नियमात राजीनामा देणाऱ्याला रजेचे पैसे नाहीत’ असे उत्तर मिळाले तर २०२४चा मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल हाताशी ठेवा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्या दोन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की कमावलेल्या रजेचा मोबदला पगारासारखाच आहे, पगार ही मालमत्ता आहे, आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेणे संविधानाच्या अनुच्छेद ३०० अ मध्ये बसत नाही. दोघांनाही पैसे देण्याचा आदेश झाला.

आता करायचे काय. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ ही ओळ असते. ती तशीच ठेवून सही करू नका. रिलिव्हिंग लेटर अडवून सही मागतील. नवीन कंपनी ते पत्र मागत असते, त्यामुळे माणूस वाकतो, हे मला पुरते ठाऊक आहे. सही करावीच लागली तर आपल्या हाताने वर लिहा: ‘रजेच्या रकमेबाबत हरकत कायम ठेवून ५,२०० रुपये स्वीकारले’, आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. त्याआधी शेवटच्या बारा महिन्यांच्या स्लिपा, रजेचे कार्ड आणि कंपनीच्या ॲपवरच्या शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट घरी आणा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होते, मग तोच आकडा मागायला तुम्हाला गेटवर उभे राहावे लागते.

पत्र अर्ध्या पानाचे पुरे. ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीत होतो. मागील वर्षाची शिल्लक रजा २६, चालू वर्षी कामाचे दिवस २२०, त्यावरील रजा ११, एकूण ३७. बेसिक व महागाई भत्ता १८,२००, दैनिक दर ७००, देय रक्कम २५,९००. नोटीस कपात केली असल्यास तिचा दर व नेमणूकपत्रातील आधार कळवावा.’ यापलीकडे काही लिहू नका. कुणी अन्याय केला, कुणी साहेब कसा वागला, हे त्यात नको. आकडे असलेल्या पत्राला आकड्यांतच उत्तर द्यावे लागते. स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत ईमेलने.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर तेच पत्र आणि पोस्टाची पावती घेऊन रत्नागिरीला सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. बऱ्याच वेळा त्यांच्या बोलावण्यावरच हिशेब दुरुस्त होऊन येतो. दावा करायची वेळ आली तर जुन्या वेतन अदायगी कायद्यात १२ महिन्यांची मुदत होती, नव्या वेतन संहितेत ती तीन वर्षे आहे. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे.

राहिला बहिणीचा प्रश्न. तिने या वर्षी २०० दिवस काम केले आहे, पैसे किलोवर मिळत होते आणि कंत्राटदार म्हणतो की किलोवाल्यांना रजा नसते. तसे नाही. काम नगावर असो वा किलोवर, २०० दिवसांच्या १० रजा होतात. दर काढायला तिची शेवटच्या महिन्याची कमाई घ्या. २४ दिवस काम करून १२,००० मिळाले असतील तर दिवसाला ५००, आणि रजेचे ५,०००. मध्ये बाळंतपणाची रजा घेतली असेल तर तेही दिवस पात्रतेच्या दिवसांत धरतात, नव्या संहितेत २६ आठवड्यांपर्यंत. कंत्राटदाराने दिले नाही तर मूळ कारखानदाराने द्यायचे आणि ते त्याच्याकडून वसूल करायचे, हे कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले आहे, म्हणून मागणीचे पत्र दोघांच्याही नावे करा. तिच्याकडे स्लिप नसेल, असे गृहीत धरतो. पण रोज काजूचे वजन लिहायची छोटी वही या बायकांकडे असते. ती वही, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि बरोबर काम करणाऱ्या दोघी-तिघींची नावे एवढ्यावर तिच्या अर्जाचे काम सुरू होते. वही टाकून देऊ नको म्हणावे तिला.